मेसियात नाताळ, फाइल बरोबर

नाताळच्या सुट्टीत मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतले आमच्या ओळखीचे निम्मे लोक मेक्सिकोला जातात. गाडीवरचा बर्फ खरवडून कंटाळलेली माणसं कॅनकूनच्या वाळूत पाय पसरतात आणि पायांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकतात. यंदाही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाय सुरू झाले. त्याखाली कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही नाही का जात कुठे? पोरीला कधी दाखवणार मेक्सिको?"

मी अंगठा टाकून गप्प बसले. खरं उत्तर लांब होतं. ते इथे देते, कारण त्याशिवाय आम्ही न्यू मेक्सिको राज्यातल्या, सीमेपासून तासाभरावरच्या एका मातीच्या गावात काय करत होतो ते कळणार नाही.

आमची मुलगी रेवा सात वर्षांची असताना आम्ही नागपूरहून इथे आलो. आता ती वीसची आहे, फेब्रुवारीत एकवीस पूर्ण करेल. मी आणि माझा नवरा मिलिंद ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. ही रांग इतकी सावकाश सरकते की तिच्यात उभ्या असलेल्यांची मुलं मोठी होऊन रांगेबाहेर पडतात. म्हणजे अक्षरशः बाहेर पडतात. एकविसाव्या वाढदिवसाला मूल आईबापांच्या व्हिसावरून गळतं. जिनं इथेच शाळा केली, इथेच दात पाडले, इथेच गाडी शिकली, तिला आता 'विद्यार्थिनी म्हणून राहू द्या' असा वेगळा अर्ज करावा लागतो. तो आम्ही ऑगस्टमध्ये केला. उत्तर आलेलं नाही. आणि अर्ज चालू असताना ती देशाबाहेर गेली, तर तिनं अर्ज सोडून दिला असं धरतात.

तर कॅनकून नाही. मिलिंदनं नकाशा उघडला आणि म्हणाला, "मेक्सिकोला जाता येत नाही ना? मग जे मेक्सिको अमेरिकेनं घेतलं, तिथे जाऊ. तिथे कोण अडवतं?"

मी याद्या केल्या. कपडे, औषधं, गाडी भाड्यानं घेणं, आणि चौथी यादी कागदांची. तिघांचे पासपोर्ट, मंजुरीची पत्रं, अर्जाच्या पोचपावत्या, सगळं एका निळ्या फाइलमध्ये, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावून. ही फाइल माझ्यापासून हातभर अंतरावर असते. लोक पर्स सांभाळतात, मी ही सांभाळते.

२२ डिसेंबर

एल पासोला विमानातून उतरलो आणि गाडीनं उत्तरेला निघालो. गावाचं नाव लिहितात 'मेसिला' सारखं आणि म्हणतात 'मेसिया'. दोन्ही बाजूंना पिकानच्या बागा लागतात. अक्रोडाच्या जातीतलं हे फळ. पानं गळलेली, झाडं अगदी सरळ ओळींत, कुठूनही पाहा, ओळ मोडत नाही. मला समाधान वाटलं. पूर्वेला ऑर्गन पर्वताचे सुळके, खरोखरच करवतीच्या दातांसारखे. हवा कोरडी, ऊन स्वच्छ. आमच्या गावी त्या दिवशी शून्याखाली बावीस होतं, हे मिलिंदनं तीनदा सांगितलं.

गाव म्हणजे मधोमध एक चौक, त्याला प्लाझा म्हणतात. एका टोकाला विटांचं चर्च, भोवती मातीच्या जाड भिंतींची बुटकी घरं. दारादारांत लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या. भिवापूरच्या बाजारात मिरचीचे ढीग पाहिलेल्या माणसाला हे दृश्य घरचं वाटतं, फक्त आपण मिरची शोभेला टांगत नाही.

पहिला संताप इथेच झाला. कोपऱ्यावरच्या एका जुन्या इमारतीत एका कुप्रसिद्ध बंदूकबाज दरोडेखोराला फाशीची शिक्षा सुनावली होती. आता ते भेटवस्तूंचं दुकान आहे. मग्ज, टोप्या, टी-शर्ट, सगळीकडे तोच. लोक त्याच्या चित्राबरोबर फोटो काढत होते. मी दुकानातल्या मुलीला विचारलं, "गाव वसवणाऱ्यांचं काही आहे का?" ती म्हणाली, "मॅग्नेट्स तिकडे आहेत." मॅग्नेटवर मिरची होती.

जेवणाचं सांगते, कारण पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. प्रत्येक पदार्थाला विचारतात, लाल की हिरवी? म्हणजे मिरचीचा रस्सा. दोन्ही हवे असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं, वर्षभर. वाढणाऱ्या बाईनं सांभाळून सांगितलं की लाल जरा तिखट आहे. मिलिंद हसला. "मॅडम, आम्ही नागपूरचे. सावजी खाऊन वाढलो." ती अर्थातच काही समजली नाही. तिनं लाल आणली. चौथ्या घासाला मिलिंदला उचकी लागली ती रात्रीपर्यंत गेली नाही.

"बाबा, से ख्रिसमस," रेवा म्हणाली.

आम्ही उतरलो होतो प्लाझामागच्या गल्लीत, डोन्या कॉन्सुएलो नावाच्या बाईंकडे. 'डोन्या' म्हणजे आपण नावापुढे 'बाई' लावतो तसं. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. घराच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात, आणि पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतात. रेवानं शाळेत पाच वर्षं स्पॅनिश घेतलं होतं, आणि पहिल्या पाच मिनिटांत दोघी अशा बोलायला लागल्या की मला माझ्याच मुलीचं बोलणं कुणी समजावून सांगेल का असं झालं.

मिलिंदनं सहज विचारलं, "तुमचं कुटुंब इथे कधी आलं?"

मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. हाच प्रश्न आम्हाला प्रत्येक पार्टीत विचारतात आणि घरी येऊन आम्ही त्यावर चिडतो.

डोन्या कॉन्सुएलो चिडल्या नाहीत. त्यांनी बडीशेपेच्या बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि सांगितलं. मेक्सिकोशी लढाई झाली, अमेरिका जिंकली, गावाजवळच्या नदीपलीकडचा मुलूख अमेरिकेचा झाला. तिथल्या काही कुटुंबांना आपला देश सोडायचा नव्हता. त्यांनी घरं सोडली. गाढवांवर भांडी लादून ती इकडच्या बाजूला आली, कारण इकडे अजून मेक्सिको होता. इथे माती थापून भिंती उभ्या केल्या. थोडी वर्षं गेली आणि मेक्सिकोच्या सरकारनं हा तुकडाही अमेरिकेला विकून टाकला. बाहेरच्या प्लाझात झेंडा बदलला.

"विचारलं कुणी?" मी म्हणाले.

"कुणाला?"

"तुमच्या लोकांना. की बाबांनो, तुम्ही एवढ्यासाठी घर सोडून आलात, तर आता विकू का?"

त्या मिलिंदकडे वळून म्हणाल्या, "तुमची बायको नेहमी अशीच असते का?"

"सुट्टीत जरा कमी," मिलिंद उचकी देत म्हणाला.

२३ डिसेंबर

इथून तासाभरावर पांढरी वाळू आहे. मैलोन् मैल, मिठासारखी, पण मीठ नव्हे, जिप्समची. पायाला गार लागते. सकाळी लवकर जावं, टोपी न्यावी, पाणी माणशी दोन बाटल्या. उतारावरून घसरायला प्लास्टिकच्या थाळ्या मिळतात. रेवा आणि मिलिंद घसरले. मी वर उभी राहून फाइल धरली.

"आई, कम ऑन! पुट द फाइल डाउन!"

"वाळूत?"

ती थाळीवरून पोटावर झोपून गेली आणि खाली जाऊन पांढरी होऊन उठली. केसांत, भुवयांत पांढरं. म्हातारी झाल्यावर कशी दिसेल ते मला दिसलं. मी फोटो काढला, पण कुठल्याही ग्रुपवर टाकला नाही.

परतीच्या रस्त्यावर सीमा पोलीस महामार्गावरची सगळी वाहनं एका छपराखाली वळवतात. सीमा दूर आहे, आपण कुठलीही सीमा ओलांडलेली नसते, तरी विचारतात. हे मला माहीत होतं, यादीत होतं. मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या गाड्या दहा-दहा सेकंदांत सुटत होत्या. आमची पाळी आली. तरुण अधिकारी, काळा चष्मा, मिशी नुकती फुटलेली. मिलिंदनं काच खाली केली.

"गुड आफ्टरनून. सगळे अमेरिकन नागरिक?"

मी फाइलचं बटण उघडलं. मिलिंदनं तोंड उघडलं. आणि मागच्या सीटवरून, फोनवरून नजर न उचलता, रेवा म्हणाली, "येस."

जे वाचणारे या रांगेत नाहीत त्यांना हे साधं वाटेल. जे आहेत त्यांना समजावून सांगायला नको. नागरिक नसताना 'आहे' म्हणणं ही इथे नुसती थाप धरत नाहीत. त्या एका शब्दानं दार जन्मभराचं बंद होऊ शकतं, मग मागे कितीही वर्षांचे चांगले कागद असोत. मी तिला हे सोळाव्या वर्षी शिकवलं होतं, लोक पोरींना जसं अंधारात एकटं जाऊ नको म्हणून शिकवतात तसं.

"नो!" मी ओरडले. "शी इज नॉट! शी इज नॉट अ सिटिझन!"

अधिकारी वाकला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे. पोरीच्या भुवयांत अजून वाळू होती.

मी तिघांचे पासपोर्ट, पत्रं, पावत्या, सगळं खिडकीतून पुढे केलं. मी बोलत सुटले, की ती लक्ष न देता बोलली, तिला प्रश्नच ऐकू आला नाही, अर्ज चालू आहे, ही पावती, ही तारीख. त्यानं पासपोर्ट पाहिले, एक पत्र पाहिलं, बाकीची चळत तशीच परत दिली.

"इट्स ओके, मॅम." मग रेवाला म्हणाला, "नेक्स्ट टाइम, लिसन टु द क्वेश्चन." तिनं "ओह, शुअर, सॉरी" म्हटलं, तसा तो जाता जाता मला म्हणाला, "ती बोलते मात्र थेट मिनेसोटाची."

"ती मिनेसोटाचीच आहे," मी म्हणाले.

तो हसला. "मेरी ख्रिसमस."

छपराबाहेर पडल्यावर मी एकेक कागद परत फाइलमध्ये लावला.

"झालं ना नीट सगळं," मिलिंद म्हणाला. "काहून एवढी तापतेस?"

"मी तापले नाही."

"आई," मागून आवाज आला. "यू डिडन्ट हॅव टु शाउट इट."

"मग काय कानात सांगू त्याच्या?"

"मला ऐकू आला होता प्रश्न." हे ती मराठीत बोलली. ती भांडताना इंग्रजी बोलते. मराठी आली की मी सावध होते. "ऐकूनच हो म्हटलं. खोटं नाही बोलले. मी विसरले होते. आय जस्ट फर्गॉट, आई."

जी गोष्ट तेरा वर्षांत मी एक दिवस विसरले नाही, ती ही पोर विसरू शकते. राग कुणावर काढावा, हेच मला कळेना. तिच्यावर काढता येत नव्हता. विसरता येईल असं तिला आम्हीच वाढवलं होतं. त्या मिशीवाल्यावर काढता येत नव्हता, तो बिचारा सभ्य होता. कायद्याला तोंड नसतं. पण 'ही इथली नाही' हे वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं, आणि भर रस्त्यात, मोठ्यानं, मी ते म्हणाले होते. त्या संध्याकाळी माझ्या संतापाचा हिशेब तिथेच येऊन थांबत होता.

डोन्या कॉन्सुएलोंना रेवानं स्वयंपाकघरात सगळं सांगितलं असावं. त्या मला काही बोलल्या नाहीत. माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाल्या, "माझा डोळ्यांचा डॉक्टर त्याच बाजूला आहे. महिन्यातून एकदा त्या छपराखालून येते. मला विचारतात, मी हो म्हणते. एकदा वाटतं, उलट विचारावं. तुम्ही कधी आलात, पोरांनो?"

"मग विचारा की!"

"डोळ्यांत थेंब घातलेले असतात," त्या म्हणाल्या. "समोर कोण आहे तेच दिसत नाही."

२४ डिसेंबर

या दिवसासाठी लोक लांबून येतात. प्लाझात आणि गल्ल्यांत हजारो कागदी पिशव्या ठेवतात. तपकिरी, किराणा दुकानातल्या. तोंडाशी दुमडायची, तळाला वाळू घालायची, वाळूत मेणबत्ती रोवायची. याला लुमिनारिया म्हणतात. आकाशकंदील जमिनीवर उतरवून ठेवला असं समजा. आमच्या गल्लीसाठी पिशव्या भरायला दुपारी सगळे शेजारी अंगणात जमले.

मला तो प्रकार बघवेना. एक जण दुमडतोय, तोच वाळू शोधतोय, तोच मेणबत्ती आणायला घरात जातोय. मी तिघांना दुमडायला बसवलं, दोघांना वाळूवर, माप म्हणून एक डबा दिला, आणि लावताना अंतर सारखं राहावं म्हणून सुतळीला गाठी मारल्या. तासाभरात काम संपलं. एक शेजारी स्पॅनिशमध्ये काही म्हणाला आणि सगळे हसले.

"काय म्हणाला?" मी रेवाला विचारलं. आदल्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

"ही सेड, मग आता रात्रीपर्यंत आम्ही काय करायचं?"

अंधार पडताच मेणबत्त्या लावल्या. पिशव्या आतून मधासारख्या झाल्या. मातीच्या भिंती त्या उजेडात गरम दिसत होत्या. मी सुतळीच्या गाठींचा अभिमान बाळगून असताना डोन्या कॉन्सुएलोंनी टाळ्या वाजवल्या आणि माणसांचे दोन भाग करायला लागल्या. आता पोसाडा.

पोसाडा म्हणजे आसऱ्याची विनवणी. येशूची आई मरिया गरोदर, तिचा नवरा जोसेफ थकलेला, दोघं गावात रात्रीपुरती जागा मागत फिरतात. निम्मी माणसं दाराबाहेर उभी राहून गाण्यातून जागा मागतात. निम्मी आत, दार लावून, गाण्यातूनच नकार देतात. बाहेरचे विनवतात, आतले हाकलतात, असं कडव्यामागून कडवं. शेवटच्या कडव्यात आतल्यांना कळतं की बाहेर कोण आहे, आणि दार उघडतं. मग तमाले खायचे, मक्याच्या पानात वाफवलेले सारणाचे उंडे. पोरं सुद्धा करतात, मजा असते, असं त्यांनी मला सांगितलं.

"तुम्ही बाहेर," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना बाहेर जास्त मजा येते."

"मी बाहेर उभी राहणार नाही."

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. माझे आजोबा मॅट्रिक होऊन नागपुरात शिकायला आले तेव्हा महिनाभर खोली शोधत दारोदार फिरले. खोली रिकामी आहे का? आहे. गाव कोणतं? सांगितलं. आडनाव काय? तेही सांगितलं. मग खोली भरलेली असायची. आजोबा हे हसत सांगायचे, दारावरच्या माणसांच्या नकला करून, आणि आम्ही पोरं खो खो हसायचो. मी मोठी झाल्यावर हसणं बंद केलं. दारात उभं राहून जागा मागायचा खेळ आमच्या घरी पुरेसा खेळून झाला आहे.

एवढं सगळं अंगणात सांगता येत नाही. मी फक्त म्हणाले, "मला थंडी वाजते."

"मिनेसोटाच्या बाईला!" डोन्या कॉन्सुएलो म्हणाल्या, पण मला आत घेतलं आणि दाराशी उभं केलं. हातात शब्दांचा कागद दिला, खाली इंग्रजी अर्थ. मिलिंद माझ्या मागे. रेवा बाहेर गेली. तिला स्पॅनिश येतं, म्हणून तिला पुढेच उभं केलं, मेणबत्ती देऊन.

दार लागलं. जाड, जुनं लाकूड, लोखंडी कडी. बाहेर गिटार सुरू झाली. मग आवाज आले, वीसेक माणसांचे, आणि त्यांत मला एकच ऐकू येत होता. ती जागा मागत होती.

आम्ही आतून पहिला नकार गायला. मी ओठ हलवले.

त्यांनी पुन्हा मागितली. लांबून आलो आहोत, थकलो आहोत, असं माझ्या कागदावर लिहिलं होतं. रेवाचा आवाज वर चढला. तिला गाता येतं, शाळेच्या कोरसमध्ये होती. आमची पाळी आली. मी अर्थ वाचला. तुम्ही कोण आम्हाला माहीत नाही, पुढे चला, असा काहीसा. आतले सगळे आनंदानं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होते. एक आजोबा लटक्या रागानं मूठ दाखवत होते.

लाकडापलीकडे हातभर अंतरावर ती उभी होती.

मी कडी काढली आणि दार उघडलं.

गिटार थांबली. मेणबत्त्यांच्या उजेडात वीस माणसं तोंडं उघडी ठेवून माझ्याकडे बघत होती. सगळ्यांत पुढे रेवा, कडव्याच्या मधोमध.

"सेन्योरा!" डोन्या कॉन्सुएलो मागून ओरडल्या. "अजून चार कडवी आहेत!"

"असू देत."

"आई!" रेवा कुजबुजली. "यू कान्ट जस्ट ओपन इट. यू हॅव टु से नो फर्स्ट."

"म्हटलंय मी काल," मी म्हणाले. "पुन्हा म्हणणार नाही. आत ये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटावर ओघळलं तरी तिला कळलं नाही. मग ती उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली. तिच्या केसांत अजून वाळू होती.

डोन्या कॉन्सुएलोंनी काय झालं ते विचारलं नाही. पण रीत म्हणजे रीत. त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून गायला लावलं. बाहेरच्यांनी मागितलं, आतल्यांनी नाही म्हटलं, सगळी कडवी, एकही न गाळता. फक्त दार लागलं नाही, कारण त्यात मी उभी होते, एका हातानं फळी धरून, दुसऱ्या हातानं पोरीला. बाहेरचे आणि आतले एकमेकांच्या तोंडाकडे बघत नकार देत राहिले आणि हसत राहिले. घरात थंडी शिरली. मिलिंदनं जाऊन तमाले झाकले.

मेसियाला जाणाऱ्यांनी चोवीस तारखेची जागा महिनाभर आधी ठरवावी, टोपी न्यावी, लाल रस्सा जपून खावा. छपराखाली काच खाली करण्याआधी फोन बाजूला ठेवावा. पोसाड्यात दाराजवळ उभं केलं तर कडी कुठे आहे ते आधी पाहून घ्यावं.

रेवाच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.